सुईनंतरची हुडहुडी

गोरखपूर मोहल्ल्यातल्या आपल्या दोन खोल्यांत इंटरफेरॉनची सुई घेतली, की तासाभरात ममताला हुडहुडी भरायची. तिच्या किडनीतला कॅन्सर फुप्फुसात पोचला होता. या सुईनं शरीराचीच फौज जागी होते, ताप येणारच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सासूला, पार्वताबाईला, ते पटत नव्हतं.

"औषध ताप उतरवते, चढवत नाही," ममताचं रडतं तान्हं लेकरू तिच्या पुढ्यात ठेवत सासू म्हणाली. "घे, अंगावर पाज. वाटीतलं दूध थुंकून राहिली पोरगी."

"नाही पाजत, आई. दुधातून औषध तिच्या पोटात जाईल."

"मग सुई काहून घेतेस? सोड ना!"

"सोडते. मग तिला आई कुठून आणसान? बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून?"

पार्वताबाईनं जळत्या डोळ्यांनी वाटी-चमचा तिच्यापुढे सरकवला. ममतानं चमचा भरला. हुडहुडीनं हात इतके थरथरत होते, की दूध लेकीच्या गळ्यावर सांडलं. पोर किंचाळली.

"चमचा धरा," ममता दात आवळून म्हणाली.

"तुझ्यासाठी नाही धरत, समजलं?" सासूनं चमचा हिसकला.

ममतानं लेकीचं डोकं मांडीवर सावरलं. पहिला घोट पोरीच्या पोटात गेला, तेव्हा दोघींनी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही.