गोजरमायचं मडकं

पुस्तक छापून आलं तेव्हा पुष्पांजलीने पहिली प्रत आईबापाला दाखवायच्या आधी गोजरमायच्या हातात ठेवली. वडिलांना, रंगरावांना, ते जरा लागलंच, पण ते बोलले नाहीत. शिकलीसवरलेली पोर, लग्नाचं बघायचं तर ही चेटकिणींवर कादंबरी लिहीत बसलेली, आणि वर पुण्याच्या प्रकाशकाने ती छापलीही! एवढं पचवता पचवताच त्यांची पुरेवाट झाली होती, मानापानाचा वाद कोण काढणार.

गोजरमाय म्हणजे त्यांच्या आळीच्या टोकाला राहणारी गोजरबाई. नवरा तरणाताठा गेलेला, मूल झालंच नाही. घरामागच्या तुकड्यात मेथी, पालक आणि सांबार लावायची आणि अमडापूरच्या बाजारात विकायची. (कोथिंबिरीला आपल्याकडे सांबार म्हणतात, पुण्याच्या माणसाला हे सांगावं लागतं.) भाजी सगळेच विकतात, तिचा खरा मान होता तो दृष्ट काढण्यात. पोर किरकिर करू लागलं, दूध ओकलं, लग्नघरून येऊन तापलं, की आया आधी तिला हाक मारायच्या. ती मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घ्यायची, पोरावरून ओवाळायची, ओठातल्या ओठात पुटपुटायची आणि मूठ घरी नेऊन आपल्याच चुलीत झोकायची. मिरच्यांचा ठसका लागला तर नजर साधी. ठसका लागलाच नाही तर नजर जबर, मग डॉक्टरकडे जा, असं ती स्वतःच सांगायची. या कामाचा पैसा तिने कधी घेतला नाही. कुणी साखर-चहापत्ती आणून दिली तर तेवढी ठेवून घ्यायची.

पुष्पांजलीची दृष्टही तिने कितीदा काढली होती. दहावीच्या पेपराच्या सकाळी काढली होती ती तर पुष्पांजलीला अजून आठवे, कारण मिरच्यांच्या धुराने दोघी खोकून खोकून हसल्या होत्या. त्या चुलीपाशीच तिच्या कादंबरीचा जन्म झाला म्हणा ना.

कादंबरी होती शाळकरी पोरापोरींसाठी. एका गावात पाच चेटकिणी असतात, चार पोरी आणि एक म्हातारी जरीमाय. चेटकिणी वाईट नसतात, गाव वाईट असतं. जरीमाय पोरांची दृष्ट काढते, पण ती दृष्ट जळत नाही. जगातली कुठलीच वाईट नजर जळत नाही, असं पुष्पांजलीने लिहिलं होतं. जरीमाय ती चुलीखाली पुरलेल्या मडक्यात साठवते, सगळ्या गावाची पीडा आपल्या पायाखाली सांभाळते. शेवटी गाव तिला हाकलून द्यायला निघतं तेव्हा मडकं फुटतं, आणि आतलं सगळं ज्याच्या त्याच्या घरी परत जातं. लिहिताना पुष्पांजली रडली होती. म्हाताऱ्या बाईची एवढी बाजू आजवर कुणी घेतली नसेल, असं तिला मनापासून वाटत होतं.

शाळेत सत्कार झाला. हेडमास्तर भगवंतरावांनी शाल, नारळ, हार सगळं केलं आणि मडक्याचं प्रकरण पोरांना मोठ्याने वाचून दाखवलं. एरवी बाकावर टिकत नाहीत ती पोरं चिडीचूप बसली. मग पुष्पांजली बोलायला उभी राहिली. समोर सगळं गाव, पहिल्या रांगेत आई अन्नपूर्णाबाई आणि तिच्या शेजारी ठेवणीतलं लुगडं नेसलेली गोजरमाय. पोरीला भरून आलं. तिने माइकवरून सांगितलं की ही जरीमाय म्हणजे आपली गोजरमाय आहे, आणि आपली शाल जाऊन तिच्या खांद्यावर घातली. टाळ्या पडल्या. टाळ्यांनी माणूस सैल सुटतो, तशी तीही सुटली. पुण्यात एका कार्यक्रमात ऐकलेलं एक वाक्य तिला फार आवडलं होतं, ते तिने इथे टाकून दिलं. म्हणाली, "मी लिहीत नाही. कुणीतरी मला आतून सांगतं, मी फक्त उतरवून घेते."

पुण्यात या वाक्यावर लोक मान डोलावतात आणि चहा प्यायला जातात. अमडापुरात माणसं ऐकलेलं जपून ठेवतात.

सुरुवातीला सगळी गंमतच होती. पोरं गल्लीत मडकं-मडकं खेळायची. बाजारात बाया गोजरमायला छेडायच्या, मडकं भरलं का म्हणून. तीही काही कमी नव्हती. भरलं ना, तुह्या सासूच्या एकटीच्या नजरेनं भरलं, असं म्हणून ती सांबाराची जुडी वर जास्तीची टाकायची. त्या दिवसांत ती खूश होती. वाचता येत नसतानाही पुस्तक तिने देव्हाऱ्याशेजारी उभं करून ठेवलं होतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची.

पावसाळा सरता सरता गजेंद्रची अर्पिता तापली. गजेंद्रचं घर आळीतच, अर्पिता पहिलीतली पोर. पोरीच्या आईने रिवाजाप्रमाणे आधी गोजरमायला बोलावलं. तिने दृष्ट काढली, मूठ चुलीत टाकली, ठसका आला नाही. दवाखान्यात न्या, आत्ताच न्या, असं तिनेच बजावलं. चिखलीला नेलं, तिथून बुलढाण्याला. डेंग्यू निघाला. पोर परत आली ती चादरीत गुंडाळून.

गजेंद्र काही अडाणी नव्हता. डेंग्यू म्हणजे काय, रक्तातल्या पेशी कशा उतरतात, हे डॉक्टरने सांगितलं ते त्याला नीट समजलं होतं. पण डास साऱ्या आळीला चावले आणि गेली ती त्याचीच का, याचं उत्तर डॉक्टरकडे नव्हतं. पुस्तकात होतं. तेराव्यानंतर तो पुष्पांजलीच्या ओट्यावर येऊन बसला. चिडलेला नव्हता. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"पुष्पा, ते मडकं खरंच राह्यते का?"

नाही भाऊ, मी ते माझ्या मनानं लिहिलं, असं ती म्हणाली. त्याने पुढे विचारलं,

"मंग स्टेजवर तिचंच नाव काऊन घेतलं?"

तिने समजावायला सुरुवात केली. माया होती, मान द्यायचा होता, गोष्टीतलं माणूस वेगळं आणि खरं वेगळं. बोलता बोलता तिचं तिलाच जाणवलं की माइकवरून एका वाक्यात जे बांधलं ते ओट्यावरच्या शंभर वाक्यांनी सुटत नाहीये. गजेंद्रने मान हलवली, अन्नपूर्णाबाईंनी पुढे केलेलं पाणी प्यायला आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पाच-सहा जण गोजरमायच्या दारात गेले. कुणी शिवी दिली नाही, हात उगारला नाही. चूल खोदून पाहू द्या, मनाचं समाधान होईल, एवढंच म्हणाले. तिने खोदायचं टिकास आपल्याच हाताने काढून दिलं. पुष्पांजली धावत पोचली तोवर सारवलेली चूल ढेकळं होऊन अंगणात पडली होती, आणि घरात गुडघाभर खड्डा झाला होता. खड्ड्यात काही नव्हतं. थोडी काळी माती आणि एक गंजलेली विळी.

पुष्पांजलीच्या छातीवरचा धोंडा उतरला. बघा, काहीच नाही, असं ती म्हणणार तोच दाराशी उभी असलेली एक नववीतली पोर सहज बोलून गेली. पुस्तक तिने दोनदा वाचलं होतं.

"शेवटी मडकं फुटतेच नं. फुटल्यावर कसं सापडंल?"

माणसं एकेक करून निघून गेली. मडकं सापडलं असतं तर भांडता तरी आलं असतं. आता रिकाम्या खड्ड्याशी कोण भांडणार, आणि कसं? पुस्तकाचा शेवट एवढा चोख बांधल्याबद्दल पुण्याच्या संपादकबाईंनी पुष्पांजलीची पाठ थोपटली होती.

तिने धडपड केली नाही असं नाही. कायदा आहे, तक्रार करू, असं म्हणून तिने पोलीस पाटील रामरावांना आणलं. गोजरमाय म्हणाली, मीच म्हनलं खोदा, त्याहिची काय चूक. रामराव बिचारे दोन्ही बाजूंना हात जोडून गेले. भगवंतरावांनी शाळेत पोरांना गोष्ट आणि सत्य यांतला फरक समजावला, पोरांनी ऐकून घेतला. आणि बाजारात गोजरमायचा सांबार सुकायला लागला. कुणी वाईट बोलत नसे. बाया लांबूनच वळून दुसऱ्या ढिगाकडे जायच्या, कडेवरच्या पोराचं तोंड पदराने झाकून. ज्या बाईला पोर जन्मलं की आधी निरोप जायचा, तिच्या नजरेपासून आता पोरं झाकली जात होती. एवढ्यात प्रकाशकाचा फोन आला, पुस्तक उचललं जातंय, दुसरा भाग मनावर घ्या. पुष्पांजलीने मध्येच फोन ठेवला.

दिवाळीच्या आधी एका सकाळी तिने पुडीत मीठ, मोहरी, लाल मिरच्या बांधून घेतल्या. अन्नपूर्णाबाईंनी पुडी पाहिली आणि आणखी दोन मिरच्या आणून त्यात ठेवल्या. पुष्पांजलीचा बेत साधा होता. आळीदेखत, उघड्या अंगणात, गोजरमायकडून आपली दृष्ट काढून घ्यायची. लिहिणारीनेच डोकं पुढे केलेलं लोक बघतील, आणि एक तरी आई उद्या येईल.

गोजरमाय अंगणात तीन दगडांवर भात शिजवत होती. घरातली चूल तिने परत घातलीच नव्हती. कादंबरी देव्हाऱ्याशेजारी तशीच उभी होती, शाल तिच्याखाली घडी करून ठेवलेली. पुष्पांजली तिच्यासमोर मातीतच बसली. म्हातारीने भातावर झाकण ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं.

"पुष्पे, मले वाचता येत नाही. तू खरं सांग. म्या उतरवल्या त्या नजरा कुठं गेल्या?"

"कुठंच नाही, माय. जळून गेल्या. म्या खोटं लिवलं."

"येवढं मोठं पुस्तक खोटं कसं राहीन, माय? तूच तं म्हने, तुले आतून कोणी सांगते अन् तू उतरवते." तिने काडीने विस्तव सारखा केला. "त्याले माहीत असंल. मले नोतं माहीत. म्या येवढ्या वर्षाचं पायाखाली जमा केलं, अन् फुटलं कवा ते समजलंच नाही. अर्पीच्या वक्ताले ठसका नोता आला."

पुष्पांजली ओरडून सांगू लागली की ते वाक्य पण उसनं होतं, मला आतून कुणी काही सांगत नाही, मी खुर्चीवर बसून फोनवर बोटं चालवत होते. गोजरमाय तिच्याकडे मायेने बघत राहिली. आपल्याला बरं वाटावं म्हणून पोर खोटं बोलतेय, अशीच ती नजर होती. तिने या पोरीवर कधी अविश्वास दाखवला नव्हता, आताही दाखवत नव्हती. ज्या दिवशी सगळ्या गावाने विश्वास ठेवला त्याच दिवशी तिनेही ठेवला होता, आणि गावापेक्षा घट्ट.

पुष्पांजलीने पुडी सोडली. मीठ-मोहरी आणि मिरच्या आपल्या तळहातावर घेऊन पुढे केल्या आणि डोकं खाली वाकवलं.

"माही नजर उतरव, माय. दहावीले उतरवली होती तशी."

आळीत दोन-तीन दारांतून बाया बघत होत्या. भाताच्या झाकणाखालून वाफ येत होती. पुष्पांजली वाकून वाट बघत राहिली, डोक्यावरून मूठ फिरल्याची झुळूक येईल म्हणून. ती आली नाही. तिने मान वर केली तेव्हा गोजरमाय दोन पावलं मागे सरकून उभी होती, आणि तिने दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून ठेवले होते.

"नको, बाई. तुले काही झालं तं?" ती म्हणाली. "तू जाय घरी. अन् जाता जाता मागं पाहू नको."