चेअरमनला फोन द्या

आमचा कुत्रा गेल्याची बातमी मला वरच्या मजल्यावरच्या काकांनी दिली. खरं तर त्यांना ती द्यायची नव्हती. त्यांना बाबांची तक्रार करायची होती.

मी न कळवता घरी आलो होतो. पाठीवर बॅग, हातात चेअरमनसाठी, म्हणजे त्याच कुत्र्यासाठी, घेतलेलं रबरी हाड, दाबलं की चुंई करणारं. काका फाटकाशीच भेटले. बरं झालं आलास म्हणाले, बाबांना एकदा डॉक्टरकडे घेऊन जा. मी विचारलं, का, काय झालं? काकांनी आधी आमच्या दाराकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला.

"कुत्रा गेल्यापासून ते भुंकतात. दुपारी, जेवणाच्या वेळेला. आम्ही समजून घेतलं, म्हटलं माणूस दुःखात आहे. पण आता फारच चांगलं भुंकायला लागलेत."

माझ्या मुठीत हाड चुंई झालं. काका दचकून माझ्याकडे बघायला लागले. हा आजार आनुवंशिक असावा, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

आता हे नीट कळायचं तर मी काय काम करतो ते सांगायला हवं, आणि ते सांगायची मला लाज वाटते. मी दुसऱ्या शहरात कानाच्या मशीनच्या दुकानात आहे. लोकांना ऐकू येतं की नाही ते तपासतो. आमच्याकडे एक साउंडप्रूफ केबिन आहे, कपाटापेक्षा थोडी मोठी. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन, हातात एक बटण. मी बाहेर मशीनपाशी बसून आत बारीक बारीक आवाज सोडतो. त्याने बटण दाबलं की माझ्यासमोर हिरवा दिवा लागतो. एका आजोबांनी मला विचारलं होतं, आवाज ऐकू आला पण आवडला नाही तर? मी म्हणालो, आजोबा, आवडण्याचा प्रश्नच नाही, ऐकू आला की दाबायचं. त्यांना हे पटलं नाही, पण त्यांनी दाबलं.

तर असा मी, ऐकण्याचा तज्ज्ञ.

राहायला मला एका खोलीत तीन जोडीदार आहेत आणि तिघेही फार हसरे आहेत. म्हणून घरचे फोन मी दुपारच्या सुट्टीत त्या केबिनमध्ये बसून करायचो. आत शिरून दार ओढलं की जग बंद. आईशी बोलणं व्हायचं ते नेहमीचं, जेवलास का, झोपतोस का, पाणी उकळून पितोस का. ताई घरूनच ऑफिसचं काम करते, ती मागून एखादा टोमणा मारायची. बाबा फोनवर यायचेच नाहीत. ते शिंपी आहेत, दुकान घराच्या पुढच्याच खोलीत, आणि त्यांच्या तोंडात निम्मा वेळ टाचण्या असतात. उरलेला निम्मा वेळ त्या नसल्या तरी असल्यासारखं ते बोलतात. "हं." "बरं." "ठेव."

मग मी म्हणायचो, चेअरमनला फोन द्या.

चेअरमन हे नाव त्याने स्वतःच कमावलं होतं. दुकानात आला त्या पहिल्याच दिवशी तो गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर चढून बसला आणि मीटिंग सुरू व्हायची वाट बघत राहिला. तेव्हापासून गिऱ्हाइकं उभ्याने माप देतात. मी त्याच्याबरोबरच लहानाचा मोठा झालो, फक्त तो माझ्याआधी म्हातारा झाला. घर सोडताना मी त्याला सांगितलं होतं की रोज फोन करीन. बाकी कोणाला मी असं काही बोललो नव्हतो.

आई फोन त्याच्या कानाशी धरायची. मी बोलायचो, तो भुंकायचा, शेपटी सोफ्यावर आपटल्याचा आवाज यायचा, धापा ऐकू यायच्या. आणि मी त्याला सगळं सांगायचो. सगळं म्हणजे सगळं. की इथे मला कोणी नावाने हाक मारत नाही, "मशीनवाला" म्हणतात. की शेजारच्या औषधाच्या दुकानातल्या मुलीला मी खोकला नसताना खोकल्याचं औषध मागतो. की जेवण जात नाही, पँट कमरेवरून घसरते. की एकदा मी याच केबिनमध्ये बसून रडलो, आणि खरंच बाहेर काही ऐकू गेलं नाही, म्हणजे केबिन चांगली आहे. एकदा तर मी म्हणालो, चेअरमन, बाबांनी मला आजवर कधी विचारलं नाही रे कसा आहेस. गिऱ्हाइकाच्या शर्टाची कॉलर धरतात ती माझ्यापेक्षा जास्त प्रेमाने धरतात.

तिकडून एकच भुंकणं आलं. छोटंसं, तुटलेलं. मला वाटलं, बिचाऱ्याला समजलं.

मध्यंतरी घरून पार्सलं यायची. पँटबद्दल बोललो त्याच आठवड्यात दोन पँटी आल्या, कमर बरोबर कमी केलेली. थंडीबद्दल बोललो तर आतून अस्तर लावलेलं जाकीट. मी जोडीदारांना दाखवलं. म्हटलं, बघा, आईचं मन. शेकडो मैलांवरून तिला माझी कंबर कळते.

हे सगळं फाटकापासून दारापर्यंत चालताना माझ्या डोक्यात एकेक करून जागेवर बसत गेलं. दार उघडंच होतं. आईने मला पाहिलं, माझ्या हातातलं हाड पाहिलं, आणि मटकन सोफ्यावर बसली. नेमकं तिथेच तिच्या शेजारी एक जुनी उशी आणि गुंडाळलेला पेपर ठेवलेला होता. मी ती उशी बघत राहिलो. उशीला एका जागी खळगा पडला होता.

"ही शेपटी का?" मी विचारलं.

आईने मान हलवली.

मग कबुलीजबाब सुरू झाला, आणि प्रत्येकजण दुसऱ्याचा गुन्हा आधी सांगत होता. कल्पना आईची. धापा ताईच्या, ती तेव्हा श्वासाचे व्यायाम शिकत होती आणि तिला वाटलं होतं की हे आयुष्यात कुठे उपयोगी पडणार नाही. भुंकण्यासाठी आधी ताईनेच प्रयत्न केला होता, पण तिचा आवाज कुत्र्याचा वाटण्याऐवजी कुत्र्याला घाबरलेल्या बाईचा वाटायचा. आईला हसू यायचं. शेवटी बाबांनी तोंडातल्या टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, आणा इकडे.

का लपवलं, याचंही उत्तर तयार होतं. मी नोकरीवर गेलो आणि महिन्याभरातच परत यायचं म्हणायला लागलो, तेवढ्यात चेअरमन गेला. आई म्हणाली, सांगितलं असतं तर तू आला असतास आणि पुन्हा गेला नसतास. हे खरं होतं. खोटारडी माणसं खरं बोलायला लागली की फार राग येतो. नंतर त्याला हळूहळू फोनवरच आजारी पाडायचं असंही ठरलं होतं. त्याप्रमाणे बाबा एक दिवस खोकत भुंकले. पण मी घाबरून लगेच रजा टाकतो म्हणालो, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला खडखडीत बरा करावा लागला. मला तो फोन आठवत होता. चेअरमन इतका ठणठणीत ऐकून मी त्या आनंदात औषधाच्या दुकानात जाऊन खोकल्याच्या दोन बाटल्या आणल्या होत्या.

बाबा दाराच्या चौकटीत उभे होते, गळ्यात टेप.

"करून दाखवा," मी म्हणालो.

ताई म्हणाली, असू दे रे. मी म्हणालो, नाही, मी इतके महिने तिकिटाशिवाय ऐकलंय, आता बघू दे. आईने उशी पुढ्यात घेतली. ताईने लॅपटॉप बंद केला आणि जीभ बाहेर काढली. बाबांनी घसा साफ केला, भिंतीकडे तोंड केलं आणि भुंकले.

वाईट केलं असतं तर बरं झालं असतं. मी हसलो असतो, भांडलो असतो, ताटावर बसून विसरलो असतो. पण ते हुबेहूब होतं. वरून काकांनी खिडकी बंद केल्याचा आवाज आला.

केसाने गळा कापणं म्हणतात, आमच्याकडे ते काम तिघांनी मिळून केलं होतं, आणि त्यातला एक व्यवसायानेच कापणारा होता. पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच, आणि ते रात्रीच्या परतीच्या गाडीत कळलं. मी डोळे मिटून चेअरमनचा आवाज आठवायला लागलो. खराखुरा, खुर्चीवरून यायचा तो. आठवायला गेलं की बाबाच भुंकायचे. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तरी बाबाच. तो जिवंत होता तोवर मी त्याचा आवाज कधी रेकॉर्ड करून ठेवला नव्हता, घरात असलेल्या कुत्र्याचा कोण करतं? जे रेकॉर्डिंग होतं ते नोकरीला लागून काही महिन्यांनी फोनवरून केलेलं. ते मी रिंगटोन म्हणून लावलं होतं, आमच्या दुकानात गिऱ्हाइकं विचारायची, कुठल्या जातीचा आहे हो? मी अभिमानाने सांगायचो की मिश्र.

म्हणजे कुत्रा गेला, त्याच्या जाण्याचा दिवस गेला, रडायचा हक्क गेला, आणि जाताना मागे राहतो तो आवाजही यांनी बदलून ठेवला. वर माझी सगळी गुपितं शिंप्याच्या दुकानात जमा. मी बाबांना सांगितलं नसतं असं एकही वाक्य आता त्यांनी ऐकायचं शिल्लक नव्हतं.

मी फोन करणं बंद केलं. त्यांचे यायचे, म्हणजे इकडे दुकानात माझ्या खिशातून बाबा भुंकायचे, आणि मी कट करायचो. रिंगटोन बदलायला हवा होता. बदलला नाही. का ते विचारू नका, मी स्वतःलाही विचारलं नाही. अशा किती तरी दुपारी गेल्या. मॅडम, म्हणजे आमच्या दुकानाच्या मालकीणबाई, शेवटी म्हणाल्या की एक तर उचल, नाही तर त्याला खायला घाल.

त्या दुपारी मी केबिनमध्ये शिरलो, दार ओढलं आणि घरचा नंबर लावला. माझ्या मनात सूड होता, हे लपवत नाही. पलीकडून फोन उचलला गेला, पण आईचं "जेवलास का" आलं नाही. नुसता श्वास. टाचण्यांचा श्वास मी ओळखतो.

मी शक्य तितक्या सहज आवाजात म्हणालो, "चेअरमनला फोन द्या."

पलीकडे शिलाई मशीनचा पाय थांबला. मला वाटलं, आता भुंकतील. मला खरंच भीती वाटली की ते भुंकतील, आणि त्याहून जास्त भीती वाटली की मला ते बरं वाटेल. टेबलावर टाचण्या ठेवल्याचा आवाज आला, एकेक करून.

"तो गेला रे," बाबा म्हणाले.

हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. काकांनी तक्रार केली होती, आईने कारणं दिली होती, ताईने माफी मागितली होती. सांगितलं कोणीच नव्हतं.

बाबांनी वाट पाहिली आणि मग ते स्वतःहून पुढे बोलायला लागले, जे त्यांनी फोनवर आयुष्यात केलेलं नव्हतं. म्हणाले, सकाळची वेळ होती. त्या दिवशी तो खुर्चीवर चढला नाही. कापायच्या टेबलाखाली गेला, जिथे चिंध्या पडतात तिथे. "मी वर कापत होतो. दोन शर्ट कापले. त्याच्या अंगावर तुकडे पडत होते तरी उठला नाही, म्हटलं झोपलाय. आवाजच केला नाही त्याने."

माझ्या मांडीवर बटण पडलेलं होतं, वायर लावलेलं. मी ते हातात घेतलं. घशातून काही येत नव्हतं, आणि मी आहे हे तर कळवायला हवं होतं, निदान कोणाला तरी. मी बटण दाबलं.

बाबा म्हणाले, त्याला कोटाच्या चांगल्या अस्तरात गुंडाळून मागच्या झाडाखाली ठेवलंय. मी दाबलं. म्हणाले, ते भुंकणं मला पूर्ण कधी जमलंच नाही. "भुंकून झाल्यावर तो बारीक कुरकुरायचा बघ, स्वतःशीच. मी बोललो ते कोणी ऐकलं का, असं. ते मला येईना. म्हणून मी दर वेळी फोन लवकर काढून घ्यायचो."

आणि तेव्हा मला ते ऐकू आलं. भुंकणं नाही, त्याच्या मागचं ते. खुर्चीवर दोनदा गोल फिरून बसताना केलेली कुरकुर, मीटिंगमध्ये आपला मुद्दा कोणी नोंदवला नाही अशी. ती कोणी बदललेली नव्हती, कारण कोणाला जमलीच नव्हती.

केबिनच्या काचेतून मला मॅडम दिसत होत्या. मशीनपुढे डबा उघडून बसल्या होत्या. समोर हिरवा दिवा पुन्हा पुन्हा लागत होता, आणि त्या जेवता जेवता त्याच्याकडे बघत होत्या. आत आल्या नाहीत.

बाबा थांबले. मग जड काहीतरी उचलावं तसं म्हणाले, "तू कसा आहेस?"

हे शिकायला त्यांना कुत्रा व्हावं लागलं होतं. माझा राग होता तिथेच होता, एक टाकाही उसवला नव्हता. पण आजोबांना मीच सांगितलं होतं, आवडण्याचा प्रश्न नसतो.

मी बटण दाबलं.