एका सिगरेटीला एक गाजर

"गाजर खाल्लं तर सिगरेट चालते का?"

हा प्रश्न मी भर सभागृहात विचारला, कारण ढोलकी आणि भिंगी या माझ्या मैत्रिणींनी पैज लावली होती की माझी छातीच व्हायची नाही. फुफ्फुसांच्या डॉक्टरबाई शाळेत भाषणाला आल्या होत्या, आणि इतक्या दमलेल्या होत्या की माइकच्या दांड्याला धरून उभ्या होत्या. सगळे खिदळले. मीही हसले. पण मला उत्तर खरंच हवं होतं, हे त्या दोघींनाही माहीत नव्हतं.

काका फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेले तेव्हापासून आमच्या घरात तसा नियमच आहे. बाबा शिंपी आहेत. दुकानाच्या पायरीवर बसून सिगरेट ओढणं त्यांच्याच्याने सुटेना, तेव्हा आईने तोड काढली: एका सिगरेटीला एक गाजर. किसायचं मी. वर गाजराच्या सत्त्वाच्या गोळ्या. त्या गोळ्यांच्या पैशांसाठी आई हॉस्पिटलच्या धुलाईघरात जादा पाळी करते आणि चादरींना इस्त्री करून घरी येते ती भिंत धरत. बाबांचे तळहात पिवळट झाले तेव्हा तिला केवढं समाधान वाटलं होतं. गाजर अंगी लागतंय, म्हणाली. बाबांनी लगेच एक जास्तीची ओढली.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, फुफ्फुसाचा कॅन्सर एकाच जातीचा नसतो. काही जाती मोठ्या श्वासनळ्यांत उगवतात, त्यांचं सिगरेटशी फार घट्ट नातं. एक जात बहुधा फुफ्फुसाच्या कडेला होते आणि कधीच न ओढणाऱ्यांनाही गाठते. फळं-भाज्या भरपूर खाणाऱ्यांत धोका थोडा कमी दिसतो, आणि तो फरक सिगरेटशी नातं असलेल्या जातींत जास्त दिसतो. पण भाज्या खाणारे बऱ्याचदा ओढतातही कमी, त्यामुळे श्रेय भाजीला किती द्यायचं ते नक्की सांगता येत नाही. "सिगरेट एवढा मोठा खड्डा खणते, की तो गाजरांनी भरत नाही."

टाळ्या पडल्या. पैज मी जिंकले होते, पण मिरवावंसं वाटेना. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना फाटकापाशी गाठलं आणि गोळ्यांचं विचारलं. त्या थांबल्या. ओढणाऱ्यांना अभ्यासासाठी त्या सत्त्वाच्या मोठ्या डोसाच्या गोळ्या देऊन पाहिल्या होत्या, तेव्हा त्यांच्यात कॅन्सर कमी व्हायचा सोडून वाढलाच, म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "घरात कोण ओढतं?"

घरी आले तर आई पाय स्टुलावर टाकून बसली होती आणि बसल्या बसल्या गाजरं सोलत होती. बाबा शेजारी, अंगभर दोरे चिकटलेले. एरवी माझ्या तोंडाचा पट्टा दारातच सुरू होतो. आज मी चप्पल काढायलाच बराच वेळ लावला. मग सगळं सांगितलं, जातींचं, भाज्यांचं आणि शेवटी गोळ्यांचं.

बाबांनी थट्टेवारी न्यायचा प्रयत्न केला. म्हणाले, म्हणजे मी उगाच सशासारखा चरतोय.

आईने सोलाणं खाली ठेवलं. "मग मी एवढे दिवस मरमर केली, ती यांना घालवायला?"

बाबांनी मान खाली घातली. तिच्या मनगटावर इस्त्रीच्या चटक्याचा लाल पट्टा होता, तिकडे बघत राहिले. तिला कुशीत घ्यावं की पाणी द्यावं, मला कळेना. शेवटी पाणी दिलं.

"तुझी चूक नाही," बाबा म्हणाले. "मला सोयीचं होतं. गाजर खाल्लं की ओढताना वाईट वाटायचं नाही."

"सुटत नाही म्हणता ना?" आईने विचारलं.

"सुटत नाही गं. खरंच." इतक्या थकल्या आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मी त्या दोघांच्या समोर खाली फरशीवरच बसले. माझा आवाज सभागृहातल्यासारखा खणखणीत निघाला, त्याचं मलाच नवल वाटलं.

"आता माझं ऐका. गोळ्या बंद. आई, तुझी जादा पाळीही बंद. भाजी आपण तिघंही खाऊ, पण सिगरेटीच्या बदल्यात मी यापुढे एकही गाजर किसणार नाही. डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात सिगरेट सोडवायला मदत करतात. बाबा, शनिवारी मी तुम्हाला तिथे घेऊन जाणार आहे. तुमचं नाव मी फाटकापाशीच त्यांना देऊन आलेय."