माझ्या डोक्यावरचं नाणं

मित्रांनो, तुमच्यातल्या कितीजणांनी मला पाहिलंय कोण जाणे. रेकॉर्ड प्लेअरवर तबकडी फिरते आणि तिच्यावर धातूचा एक बारीक हात टेकतो ना, तो मी. माझ्या डोक्यात सुई आहे, शेपटीला गोल वजन आहे. अंगानं मी काडीपैलवान, पण एके काळी कुंभार पिंपळगावच्या पंचक्रोशीत माझ्याशिवाय लग्न लागत नव्हतं!

माझा मालक बद्रीनाथ. मंडप आणि लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा. आधी शेपटीचं वजन फिरवून तो मला तराजूच्या दांडीसारखा अधांतरी तोलायचा, मग सुईवर चिमूटभर भार द्यायचा. डोक्याचे दोन स्क्रू सैल करून सुईचं तोंड केसभर इकडे, केसभर तिकडे वळवायचा, म्हणजे ती खाचेत सरळ बसायची. मग मी असा गायचो की नवरदेवाचा घोडासुद्धा कान टवकारायचा. फक्त पोरं नाचायला लागली की जमीन हादरायची आणि सुई उडायची. तेव्हा बद्रीनाथ माझ्या डोक्यावर एक नाणं चिकटवायचा. वऱ्हाडाला गाण्याशी मतलब.

पुढे डीजे आले आणि मी माळ्यावर गेलो. कोणी ढुंकून पाहिलं नाही. बद्रीनाथ मुलाकडे बदनापूरला राहायला निघाला, तेव्हा त्यानं मला नीट जुळवून प्लेअरसकट आपल्या जिवाभावाच्या मित्राला, सांडूला देऊन टाकलं. सांडू मेंढरंवाला. त्याच्याजवळ एकच तबकडी होती. त्याची आई आसराबाई जात्यावर गायची. शहरातून गाणी गोळा करणारी माणसं आली होती, त्यांनी तिचा आवाज भरून घेतला आणि एक तबकडी घरी दिली. तिसऱ्या ओवीत ती लेकाचं नाव घ्यायची. आई गेली तेव्हा सांडू मेंढरांमागे दूर होता, शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. आईचं म्हणून त्याच्यापाशी एवढंच उरलं होतं.

रोज सकाळी मेंढरं सोडण्याआधी तो ती ओवी ऐकायचा. बायको तुळजाबाई हसायची, म्हातारपणी लेकरू झालंय म्हणायची. एकदा ती धूळ पुसत असताना माझ्या शेपटीचं वजन मागे सरकलं. डोकं हलकं झालं आणि नेमकी त्याच्या नावाशी येऊन सुई उडाली. सांडूचा जीव कासावीस झाला. मांडवात पाहिलं होतं तेच त्यानं केलं. एक नाणं डिंकानं माझ्या डोक्यावर बसवलं. नाव ऐकू आलं. कसा खुलला म्हातारा!

पण मित्रांनो, त्या भारानं सुई खाचेत नांगराच्या फाळासारखी रुतत होती. मी आसराबाईचा आवाज खरवडत होतो आणि मला सांगता येत नव्हतं. हळूहळू आवाज बारीक झाला. सांडूला वाटलं, सुई नीट टेकत नसेल. त्यानं दुसरं नाणं लावलं. अरे बाबा, नको रे! पण माझं ऐकणार कोण?

परवा बद्रीनाथ भेटायला आला. आवाज लई बारीक येऊन राह्यलाय, बघ बरं जरा, असं सांडू म्हणाला. बद्रीनाथनं नाणी पाहिली. त्यानं ती काढली, मला पुन्हा तोललं, सुई सरळ केली. मी अलगद उतरलो. नुसती खरखर. तिसरी ओवी आली तशी गेली.

"तूच तर लावायचा न नाणं, मांडवात," सांडू म्हणाला.

"त्या बाजारच्या रेकॉर्डी होत्या, सांडू. झिजली की मी दुसरी आणायचो."

सांडूनं तबकडी उचलून उजेडात धरली. मग त्यानं विचारलं, "आई ती ओवी कशी म्हणायची, तुला याद हाये का रे?"

"न्हाई," बद्रीनाथ म्हणाला.

मित्रांनो, जी वस्तू दुसरी मिळणार नाही, तिच्यावर जीव असला तरी तिला हात लावण्याआधी जाणत्या माणसाला विचारा. नुसत्या मायेनं वस्तू टिकत नाही. हे तुम्हाला सांगून माझं काय व्हायचंय म्हणा, आता फार उशीर झाला.

माझी जुळणी आता बिलकुल बराबर आहे. आज सकाळीही सांडूनं मला तबकडीवर ठेवलं. तुळजाबाई म्हणाली, बंद करा ते, काहीच ऐकू येत न्हाई.

"थांब जरा," तो म्हणाला, "माझं नाव यायचंय अजून."