नलूबाईचा फिका चहा

"घ्या नलूकाकू, तुमच्या शुगरच्या गोळ्या. कोरोना समितीकडून फुकट." नीलेशने मोटरसायकलवर बसल्याबसल्याच पुडकं पुढे केलं. "तुमी डॉक्टरची चिठ्ठी नाई देल्ली, पन मी म्हटलं दुकानदाराले, माह्या मायले देतं तेच दे. शुगर काय, सगळ्याइची सारखीच."

"मोठा गुनाचा हायस गा," नलू म्हणाली आणि आपल्या काही उपयोगाच्या नसलेल्या त्या गोळ्या तिने पदरात बांधल्या.

नलूला शुगर नव्हतीच. पण आंजीहून आत वळल्यावर लागणाऱ्या त्या गावात नलूची शुगर पाटलाच्या विहिरीइतकी जुनी आणि सर्वांना ठाऊक होती. ट्रक चालवणारा नवरा वारला, मागून तपासणीत तिच्याही रक्तात एचआयव्ही निघाला. तेव्हापासून दर महिन्याला वर्ध्याच्या सरकारी केंद्रातून गोळ्या आणाव्या लागत. दर महिन्याला वर्ध्याला कशाला, हे गाव विचारणारच. गावाला दुसरा उद्योग काय? "शुगर हाय," नलूने सांगून टाकलं, आणि मग त्या खोट्याचं पथ्यपाणी जन्माचं मागे लागलं. ती लग्नाकार्यात स्वयंपाक करणारी. तिच्या बुंदीसाठी लोक मुहूर्त मागेपुढे करत. ती स्वतः मात्र दाणा तोंडात टाकत नसे. पाक बोटांत धरून पारखायची आणि लगेच बोटं धुऊन टाकायची. चहा फिका. "तोंड आवरावं तं नलूनं," असं सुमित्राबाई आपल्या नवऱ्याला, प्रभाकरराव किराणावाल्यांना, ऐकवायच्या. प्रभाकररावांना खरोखरची शुगर. ते मान डोलवत दुसरा लाडू उचलायचे.

मग कोरोना आला. एसटी थांबली. गावाच्या तोंडाशी बैलांची बंडी आडवी लावून समिती बसली, आणि समितीवर अर्थातच प्रभाकरराव. वर्ध्याला जायचा पास एकट्या नीलेशकडे, गावाची औषधं आणायला.

केंद्रातल्या छाया सिस्टरचा फोन आला. "घरपोच पाठवते. आमचा माणूस येईल."

"नको वो सिस्टर," नलू घाबरली. "बंडीपाशी त्याले इचारतीन, कोन्या दवाखान्यातून आला, कोनासाठी आला. मीच पाहातो काई तरी."

"पाहा, पण खंड पडू देऊ नका. मध्येच सुटल्या तर पुढे याच गोळ्या लागू पडायच्या नाहीत."

भरलेली असताना मुकी असणारी डबी आता हलवली की वाजायला लागली. तळाशी दोनच गोळ्या उरल्या त्या सकाळी नलू बंडीपाशी जाऊन उभी राहिली.

"काऊन वो नलूबाई?" प्रभाकररावांचा मास्क हनुवटीवर होता. "नीलेशनं गोळ्या आनून देल्ल्या न?"

"त्या नाई चालत मले, भाऊ."

"काऊन नाई चालत? मी तेच खाऊन राह्यलो. आन तुले आता काई होऊन जमते काय? पंधरा दिवसावर आमच्या आचलचं लगन. पन्नास मानसं का असेना, पोरीच्या लग्नात बुंदी तुह्याच हातची पायजे."

बुंदीचं नाव निघालं आणि नलूचा पाय अडखळला. मागे फिरलं तर बुंदी राहत होती, गोळ्या जात होत्या. खरं सांगून पुढे गेलं तर उलट. मग तिच्या मनात आलं, की बुंदी करायलासुद्धा आधी जिवंत असावं लागतं.

"भाऊ, जरा इकडे या," ती म्हणाली आणि तिने बाजूला नेऊन सगळं सांगितलं. नवऱ्यापासूनचं. "जेवनातून नाई होत हे कोनाले. सिस्टरले फोन लावून इचारा."

प्रभाकररावांनी फोन लावला नाही. मास्क वर ओढला, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नाकावर. "जा, जा," म्हणाले आणि बंडी स्वतःच्या हाताने बाजूला ढकलली.

दुधाच्या गाडीत बसून नलू वर्ध्याला गेली, तीन महिन्यांच्या गोळ्या घेऊन आली. कोणी अडवलं नाही, कोणी वाकडं बोललं नाही. उलट साऱ्या गावाला एकाएकी तिच्या तब्येतीची काळजी लागली. "आराम कर वो, काऊन चुलीपाशी जीव जाळतं?" बुंदीसाठी पिपरी मेघेहून आचारी आला. त्याच्यासाठी नवा पास निघाला. पास असा निघू शकतो, हे गावाला तेव्हा कळलं.

लग्नाचं बोलावणं नलूलाही होतं, चुलीपाशी नव्हे, मांडवात. बायकांमध्ये स्टीलच्या कपांतून चहा फिरला. नलूचा चहा सुमित्राबाई स्वतः घेऊन आल्या, कागदी कपात.

"कोरोना हाय न वो," त्या म्हणाल्या. "फिकाच आनला, तुह्या सवयीचा."

"साखर टाका बाई," नलू म्हणाली. "मले शुगर नाई."

बायका आपापल्या कपात पाहू लागल्या. सुमित्राबाई आत जाऊन साखर घेऊन आल्या. चमचा कपाच्या वर वीतभर उंच धरला आणि तिथूनच साखर सोडली. थोडी कपात पडली, बाकीची नलूच्या बोटांवर.

"आनखी एक."

सुमित्राबाईंनी तेवढ्याच उंचीवरून आणखी एक टाकला.

चहा तिला फार गोड लागला. तरी तिने तळापर्यंत संपवला. मग कप खाली ठेवून, सगळ्यांच्या देखत, सावकाश, एकेक बोट चाटून घेतलं.