मुरुडची कासारीण

माणगावच्या बाजारात कासाराचं एकच दुकान होतं आणि त्या दुकानात बांगड्या भरायचा हात होता तो कमळचा. बापाची नजर अधू झाली तेव्हा तिनं पेटी आपल्या पुढ्यात ओढली, ती कायमचीच. हात मोठा हलका. मनगट कितीही हाडापेराचं असो, अंगठ्याचं मूळ दाबून, बोटं जुळवून ती बांगडी अशी सरकवायची की बाईला कळायच्या आत ती मनगटावर किणकिणायला लागायची.

लग्नानंतर वर्षभरात तिचा नवरा मुंबईला गिरणीत गेला. सुरुवातीला निरोप यायचे, मग तेही थांबले. तिकडं त्यानं दुसरं घर केलं असं कोणी म्हणे, कोणी म्हणे रंगूनला गेला. कमळ माहेरी परतली. कपाळाला कुंकू आणि गळ्यात मंगळसूत्र होतंच, त्यामुळं दुकानात बसायला आडकाठी नव्हती. बाप वारल्यावर दुकान थोरल्या भावाकडं, भागोजीकडं आलं. भाऊ चांगला, भावजयही वाईट नव्हती. पण गिऱ्हाईक म्हणून येणारी प्रत्येक बाई हात पुढं करता करता विचारायची, "घरधन्याचं काही कळलं का गं?" त्या एका प्रश्नानं कमळचा जीव नकोसा व्हायचा.

एकोणीसशे सत्तावीसच्या दिवाळीनंतर बांगड्यांचा व्यापारी सांगत आला की मुरुडचा म्हातारा कासार वारला. त्याच्या मागं कोणी नाही, दुकान बंद पडलंय. त्याच संध्याकाळी कमळनं भावाला सांगितलं, मी मुरुडला जाते.

"एकटी? हबसाणात, त्या सिद्दीच्या मुलखात? तिथं आपलं कोण हाय?" भागोजी म्हणाला.

"कोणी न्हाय. म्हणून कोणी विचारणार बी न्हाय."

भागोजीनं मन वळवायचा प्रयत्न केला, शेवटी स्वतःच म्हसळ्यापर्यंत गाडी ठरवून दिली. दिघीहून आगरदांड्याला होडीतून जाताना कमळनं पेटी मांडीवर घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले. एवढं पाणी तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

मुरुडात शिवदासशेठ वाण्यानं जुन्या कासाराचं दुकान आणि मागची खोली तिला भाड्यानं दिली. पहिल्याच दिवशी शेठच्या बायकोनं विचारलं, "घरवाले कुठं?" कमळ म्हणाली, "मुंबईला." आणि पेटी उघडून मान खाली घातली. कोणी विचारणार नाही ही आशा एक दिवसही टिकली नाही.

सुरुवातीचे दिवस कठीण गेले. वाऱ्याला खारट वास, अन्नाला खारट चव, आणि बाजारातल्या कोळणी एकमेकींशी बोलू लागल्या की तिला निम्मं कळायचं नाही. तिच्या नावातला ळ त्यांच्या जिभेवर बसेना. ती त्यांची कमल झाली.

तिला पहिला हात दिला तो मोहल्ल्यातल्या मुसलमान बायकांनी. जुना कासार पुरुष माणूस. तो अंगणात बसायचा आणि पडद्याआडून हात बाहेर यायचे. कमळ थेट आत जाऊ शकायची. चटईवर ऐसपैस बसून बायका रंग निवडायच्या, पुन्हा बदलायच्या, गप्पा मारायच्या. "इतकी वर्षं आम्ही बांगड्या न बघताच घातल्या गं," एक म्हातारी बीबी हसत म्हणाली. त्या घरांमुळं कमळची चूल पेटती राहिली.

कोळीवाड्यातून पहिली आली ती कोकिळा. तरणीताठी, ठसठशीत, मचवा हाकणाऱ्या येसाजी तांडेलाची बायको. तिनं डावा हात पुढं केला. कमळनं हिरव्या बांगड्या भरल्या आणि म्हणाली, "आता उजवा आण."

कोकिळानं तो पदराआड घेतला. कमळला वाटलं, हिच्यापाशी पैसे कमी असतील. तिनं मायेनंच तो हात धरला. "पैशाचं राहू दे, मागून दे," म्हणत तिनं बांगडी बोटांपर्यंत नेलीसुद्धा. तशी कोकिळानं हिसडा देऊन हात सोडवला आणि उठली. चेहरा पांढराफटक पडला होता. ती तशीच निघून गेली. त्यानंतर कोळीवाड्यातली एकही बाई दुकानाची पायरी चढली नाही.

आपलं काय चुकलं ते कमळला कळेना. बाजारात सोनाबाई नावाची एक कोळीण मासळी घेऊन बसायची. नवरा गेलेली, जिभेची फटकळ. पदरी एक पोर होती, रंगू. कमळनं धीर करून तिलाच विचारलं.

सोनाबाईनं सुरी खाली ठेवली. "तुला खरंच म्हाईत नाय? आमच्या लग्नान उजव्या हाताच्या बांगड्या दर्याला देतात गो. तो हात दर्याचा. दर्यानं आमच्या घरवाल्याला सांभालायचा, न आमी त्या हातान परत बांगडी घालायची नाय. तू कोकिलाच्या त्याच हातान बांगडी भराया निघालीस, न तिचा घरवाला बारा वाव खोल पान्यावं."

कमळ म्हणाली, "आता कसं करू?"

"मना काय इचारतेस? तिला जाऊन सांग."

कमळ तशीच कोळीवाड्यात गेली. कोकिळा घरात नव्हती, किनाऱ्यावर होती. तेव्हापासून दर्यावर असलेला येसाजीचा मचवा सकाळीच यायचा होता, तो अजून आला नव्हता. कमळ तिच्याजवळ वाळूत बसली. "मला ठाऊक नव्हतं गं," ती म्हणाली. कोकिळानं तिला उठून जा म्हटलं नाही. दोघी पाण्याकडं बघत राहिल्या. ऊन कलल्यावर शीड दिसलं तेव्हा कोकिळा आधी रडली, मग हसायला लागली आणि कमळच्या पाठीत एक धपाटा घालून म्हणाली, "तुमच्या मानगावान दर्या नाय, तर तुला अक्कल कुठून येल?"

दुसऱ्या दिवशी दुकानापुढं कोळणींची रांग लागली. सगळ्यांना कमळचं तोंड बघायचं होतं आणि ती गोष्ट तिच्याच तोंडून ऐकायची होती. त्या हसून हसून लोळल्या. कमळही हसली. असं पोट धरून ती कैक वर्षांत हसली नव्हती.

त्यानंतर दिवस सरळ चालू लागले. ब्राह्मणआळीतून बोलावणी येऊ लागली. मंगळागौरीला, डोहाळजेवणाला, लग्नाकार्याला कमळची पेटी घरोघर फिरू लागली. सोनाबाई रोज जाताना पाटीतली उरलीसुरली मासळी तिच्या दारात ठेवायची आणि कशी शिजवायची ते ओरडून सांगून जायची. नवऱ्याचं कोणी विचारलं तर "मुंबईला" हे उत्तर आता कमळच्या तोंडून सहज यायचं.

दोन पावसाळे गेले. चैत्रात सोनाबाईच्या रंगूचं लग्न ठरलं. तिच्यासाठी कमळनं हिरवा चुडा मुद्दाम मुंबईहून मागवला. आणि लग्न आठवड्यावर आलं असताना एका दुपारी भागोजी दारात उभा राहिला. त्याचा चेहरा बघूनच कमळ उठली.

नवरा गेला होता. मुंबईत, तापानं. गिरणीतल्या एका माणगावकरानं गावी आल्यावर सांगितलं, तोवर महिना उलटून गेला होता.

कमळनं कुंकू पुसलं, बांगड्या वाढवल्या. त्याचा चेहरा आठवायला गेली तर नीट आठवेना, आणि त्याचंच तिला जास्त रडू आलं. मग ती पेटीकडं बघत बसली. नवरा हयात आहे या एका समजुतीवर तिचा धंदा चालला होता. पांढऱ्या कपाळाच्या बाईपुढं कोण सवाष्ण हात करणार?

"चल घरी," भागोजी म्हणाला. "तुझी वहिनी बी म्हणाली, घेऊनच या."

सुतकाचे तीन दिवस सरले तसं कमळनं सामान बांधायला घेतलं. रंगूचा चुडा वेगळा काढून शिवदासशेठकडं दिला आणि रेवदंड्याहून कासार बोलवा म्हणून सांगितलं. ही बातमी बाजारात पोचायला कितीसा वेळ लागणार? सोनाबाई डोक्यावरच्या पाटीसकटच आली.

"कय चाल्लीस?"

"माणगावला. उद्या सकाळी."

"न रंगूचा चुडा?"

"शेठकडे ठेवलाय. दुसरा कासार येईल, सोनाबाय."

सोनाबाई पाटी उतरवून उंबऱ्यावर बसली. "माजा घरवाला गेला तवा रंगू पालन्यान होती. सुतक फिटलां न मी पाटी घेऊन बाजारान बसली. माज्या हाताची मासली कोनी टाकली काय?"

"मासळी वेगळी. ही सौभाग्याची वस्तू हाय."

"मासली पोटान जाते. त्याच्याहून मोठी वस्तू कंची?"

भागोजीला राहवलं नाही. "मावशी, तुमचं मन मोठं हाय. पण उद्या तुमच्या पोरीचं काही वाईट झालं तर लोक हिच्याच माथी मारतील."

हे खरं होतं. कमळ हळूच म्हणाली, "मला भीती वाटते, सोनाबाय."

"मना बी वाटते," सोनाबाई म्हणाली. पाटी उचलून ती चालती झाली. भागोजीनं बहिणीकडं पाहिलं आणि उरलेलं सामान स्वतःच बांधून टाकलं.

सकाळी बैलगाडी दारात आली तेव्हा पायरीवर कोळणी बसलेल्या होत्या. मध्ये हळदीच्या रंगाचं लुगडं नेसलेली रंगू, तिच्या हातात शेठकडून परत आणलेला चुडा. सोनाबाई बाजूला उभी होती. पुढं झाली ती कोकिळा.

तिच्या मनगटावर एक जुनी बांगडी तेवढी होती. बाकीच्या तिनं उतरवून ठेवल्या होत्या. डावा हात पुढं करून ती म्हणाली, "आदी माज्या हातान भर. माजा घरवाला काल रातीच दर्यावं गेलाय. माज्या भर, मंग रंगूच्या."

एका चुकून धरलेल्या हातासाठी दिवसभर वाळूत बसलेली हीच ती बाई. कमळनं भावाकडं पाहिलं. भागोजीनं गाडीत ठेवलेली पेटी उतरवून तिच्या पुढ्यात आणून ठेवली.

कोकिळाचं मनगट हातात आलं आणि बोटांना आपलं काम आठवलं. कोकिळाच्या झाल्यावर रंगू बसली. बांगडी वाढली असती तर काय झालं असतं कोण जाणे, पण एकही वाढली नाही. चुडा भरून झाला तशी रंगूनं रीतीप्रमाणे वाकून कासारणीला नमस्कार केला. कमळ आशीर्वाद द्यायला कचरली. सोनाबाई मागून म्हणाली, "दे की गो, पोर कवाशी वाकलीय." तेव्हा तो बाहेर पडला.

भागोजी एकटाच परत गेला. जाताना म्हणाला, "माल मीच धाडत जाईन. व्यापारी फसवतात." 

तो सगळा दिवस कमळ वाळूत बसून होती. कोकिळा मात्र घरी मजेत झोपली होती. संध्याकाळी येसाजीचा मचवा आला. मासळी बेताचीच होती, पण माणसं धड होती. कमळनं समुद्राला हात जोडले.

सगळंच काही पहिल्यासारखं झालं नाही. ब्राह्मणआळीची बोलावणी थांबली. काही घरांतून पुढं निरोप आले, काही कायमची तुटली. कमळनं मनात राग धरला नाही, त्या भीतीची तिला ओळख होती. मोहल्ल्यात मात्र काहीच फरक पडला नाही. म्हातारी बीबी तिला जवळ बसवून उलट्या हातानं तिचे डोळे पुसत राहिली आणि मग म्हणाली, "ईदेसाठी निळ्या आण."

रंगूचं लग्न पार पडल्यावर कमळ सोनाबाईकडं गेली. वाटेत तिनं बरंच काही जुळवून ठेवलं होतं, प्रत्यक्षात एवढंच म्हणाली, "तुमचे उपकार मी कशी फेडू?"

सोनाबाईला तो शब्द कळला नाही की आवडला नाही, कोण जाणे. ती म्हणाली, "उद्या जवला वालत घालायचा हाय. लवकर ये. उन्हा चढल्यावर येशील तर काय उपेग नाय."

कमळ सकाळीच गेली. कोकिळा आणि सोनाबाई यांच्या मधे तिला जागा दिली. ती तो बारीक कोलंबीसारखा जवळा जाड थरात पसरू लागली तशा दोघी दोन्ही बाजूंनी ओरडल्या. तिनं तो पुन्हा गोळा केला आणि त्या दाखवतील तसा पातळ, हलक्या हातानं पसरत गेली. वास नाकातून जाईना, ऊन पाठीवर चढू लागलं. कोणीतरी गाणं धरलं. त्यातले शब्द तिला अजूनही सगळे कळत नव्हते, पण कुठं थांबायचं आणि कुठं सूर मिळवायचा ते कळू लागलं होतं.