मानेमागे धरलेला आरसा

मूठ झिजलेली, कडेचा टवका उडालेला असा मी केशकर्तनालयातला म्हातारा हातआरसा आहे, मित्रांनो. समोर भिंतभर मोठा आरसा आहे. त्याचा तोरा काय वर्णावा! पण मागची मान त्याला एकट्याला दाखवता येत नाही. त्यासाठी मलाच हाक मारावी लागते.

आमचे मालक शिस्तीचे. मान दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाला खुर्चीतून उठू द्यायचं नाही, हा त्यांचा नेम. "बघा, जमलंय ना?" म्हणत ते मला मागे धरत आणि माणसं खूश होऊन जात. पुढे मोबाइलवर फोटो काढून दाखवायची टूम निघाली. मी खणात कंगव्यांखाली जाऊन पडलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

खण मात्र अर्धवट उघडाच असे. तिथूनच मला मालकांच्या मानेवर, केसांच्या कडेला उठलेली पुटकुळी दिसली. त्यांनी ती चाचपली आणि दुकानात हाताशी असते ती तुरटी चोळली. "वस्तऱ्याची पुटकुळी आहे, जाईल." ती गेली नाही. वाढली, काळपट झाली, कॉलरला रक्त लागू लागलं. मालक आपले तुरटी चोळतच राहिले. मला तोंड असतं तर मी ओरडलोच असतो.

त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या लेकीने कॉलरचा डाग पाहिला.

"बाबा, डॉक्टरकडे चला."

"एवढ्याशा फोडासाठी? लोक हसतील."

पण लेक हट्टात बापाच्या वरचढ. तिने त्यांना खुर्चीत बसवलं, मला खणातून काढलं आणि त्यांच्या मानेमागे धरलं. "मान बघितल्याशिवाय या खुर्चीतून कुणी उठत नाही. नेम तुमचाच आहे."

मालकांनी पाहिलं. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "चल," ते म्हणाले.

डॉक्टरांनी गाठ काढून तपासायला पाठवली. त्वचेच्या कर्करोगाची सुरुवात निघाली. वेळेवर आलात, म्हणाले. आता मालक गिऱ्हाइकांनाही बजावतात, "बहुतेक फोड साधेच असतात हो. पण जो वाढतो, रंग बदलतो, ज्यातून रक्त येतं, जो आठवडे लोटले तरी भरत नाही, तो पिळत बसू नका. दाखवा."

मित्रांनो, स्वतःची पाठ कुणालाच दिसत नाही. घरच्यांना बघायला सांगा, लाजू नका.

मी आता खणात नसतो, खिळ्याला टांगलेला असतो. दुकान बंद करताना लेक मला बाबांच्या मानेमागे धरते. पांढरा व्रण तेवढा दिसतो. मग ते उठतात, तिच्या हातातून मला घेतात आणि खुर्चीवर थाप मारतात.

"बस. आता तुझी मान."